रायफलीची फॅक्टरी ॲक्शन ट्रू करून घेतली, मग कस्टमही घेतली : दोन्ही वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

लांबलचक आहे, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा.

गेल्या पाच वर्षांत माझ्याकडं दोन रायफली तयार झाल्या. दोन्ही ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या, दोन्ही एकाच मॉडेलच्या चासीमध्ये (दस्त्याऐवजीचा धातूचा सांगाडा), ट्रिगरही सारखेच, फरक फक्त मधल्या ॲक्शनचा. पहिलीची ॲक्शन फॅक्टरीची, ती मी एका गनस्मिथकडं देऊन घासूनपुसून सरळ करून घेतली, म्हणजे इकडच्या भाषेत ट्रू करून घेतली. दुसरीची डायरेक्ट कस्टम, बॉक्समधनं काढली आणि बसवली. डॅलसच्या आसपास आमचा सहासात देशी लोकांचा ग्रुप आहे, महिन्यातनं दोनदा रेंजवर जातो, आणि नवीन आलेला प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो की जुनी रायफल दुरुस्त करून घेऊ का सरळ कस्टम घेऊ. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. कंपन्यांची नावं माझ्या अनुभवाच्या भागात घेणार नाही, कारण तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी वाद घालत बसायचं नाहीय.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, रायफलीचं बॅरल काढलं, दस्ता काढला, ट्रिगर, दुर्बीण सगळं काढलं की मधे जो लोखंडाचा तुकडा उरतो आणि ज्यात बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागनं बंद करणारा दांडा, पुढंमागं होतो ती ॲक्शन. कायद्याच्या नजरेत अमेरिकेत तीच बंदूक. म्हणजे बॅरल तुमच्या दारात कुरियरवाला टाकून जाईल, पण ॲक्शन लायसन्सवाल्या दुकानातच येणार, तिथं जाऊन ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राऊंड चेक होणार, मगच हातात. आणि हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला पाहिजे, एच-वन व्हिसावर असाल तर बंदूक जवळ ठेवायला फेडरल कायद्यानं मुळात बंदी आहे, त्यात शिकारीचं वैध लायसन्स असेल तर वगैरे अपवाद आहेत पण ते नीट वाचून, गरज पडली तर वकिलाला विचारूनच पुढं जा. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत हात लावला नव्हता. मित्राची रायफल आहे, रेंजवर एकदाच तर धरतोय, असलं पण हलक्यात घेऊ नका, दहा वर्षांचं ग्रीन कार्डचं ताटकळणं एका फोटोपायी वाया घालवू नका.

आता हा घासायचा प्रकार आला कुठनं. रेमिंग्टनचं मॉडेल ७०० बाजारात आलं १९६२ साली, त्याच्या आधीची ७२१ आणि ७२२ होती १९४८ ची, त्यातनंच हे निघालं. माइक वॉकर नावाचा त्यांचा इंजिनियर, स्वतः बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून अचूक मारायचा खेळ, खेळणारा माणूस, त्यानं ॲक्शन गोल केली. गोल का, तर गोल दांडका लेथवर भराभर वळवता येतो, स्वस्त पडतो. मागाहून लोकांच्या लक्षात आलं की गोल असल्यामुळंच ती परत लेथच्या चकमध्ये धरून, डायल (फिरताना किती डगमगते ते दाखवणारं घड्याळ) लावून, सेंटरला आणून सरळ करायला पण सोपी आहे! चौकोनी-तिरकी ॲक्शन धरायलाच अर्धा दिवस जातो. मग झालं काय की अमेरिकन मरीन्सची एम४० आली १९६६ मध्ये, आर्मीची एम२४ आली १९८८ मध्ये, दोन्ही ७०० वरच, आणि सगळ्या देशातले गनस्मिथ हीच एक ॲक्शन घासायला शिकले. ट्रिगरवाले, चासीवाले, दस्तेवाले सगळे त्याच मापाला पार्ट बनवायला लागले. आज कस्टम ॲक्शन म्हणून ज्या विकल्या जातात, मोंटानाची डिफायन्स असो, नेब्रास्काची झरमॅट असो, इम्पॅक्ट असो, त्यातल्या बहुतेकांचा बाहेरचा फूटप्रिंट, म्हणजे पार्ट बसायचं माप, ७०० चाच आहे. कंपनी स्वतः २०१८ आणि २०२० मध्ये दोनदा दिवाळखोरीत गेली, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद पडला, पण माप तेवढं राहिलं. बुलेट मोटरसायकलचं कसं, कंपनी कुणाकुणाच्या हातात गेली तरी गल्लीतल्या मेकॅनिकचा हात त्याच इंजिनावर बसलेला, तसं.

तर माझी पहिली. ७०० च्या मापाची एक वापरलेली रायफल, कुठल्या कंपनीची ते राहू दे, ४५० डॉलरला मिळाली. इकडं असल्या रायफलीला डोनर म्हणतात, म्हणजे हिचं काळीज काढून दुसरीकडं लावायचं. जशीच्या तशी मारून बघितली तेव्हा १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, सव्वा इंचाच्या आसपास येत होता, कधी एक, कधी दीड. शिकारीला झकास आहे हे. हरीण काय तुमचा ग्रुप मोजायला येत नाही. पण मला हजार यार्ड मारायचं होतं, आणि एफ-क्लास नावाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या टार्गेटवर हजार यार्डांना दहाची रिंग असते दहा इंचांची आणि आतली एक्स असते पाच इंचांची, म्हणजे हिशोब करा, एक मिनिटाची रायफल (मिनिट कोनाचं, म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच) वारा शून्य असताना पण दहाच्या रिंगेत जेमतेम मावणार आणि टेक्ससमध्ये वारा शून्य कधीच नसतो.

गनस्मिथ म्हणजे सत्तरीतले आजोबा, घरामागच्या शेडमध्ये लेथ, भिंतीवर सगळ्या नातवंडांचे फोटो. त्यांनी माझ्यासमोरच बॅरल सोडवलं, ॲक्शन मँड्रेलवर, म्हणजे आतनं बसणाऱ्या सरळ दांड्यावर, घेतली आणि डायल लावला. जिथं बॅरलचा खांदा येऊन टेकतो ते ॲक्शनचं तोंड चार थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आऊट. बोल्टच्या लगला, म्हणजे बोल्टला अडवून धरणाऱ्या कानांना, निळा रंग लावून बोल्ट बंद केला, उघडला, तर एका लगवरचा रंग घासला गेलेला आणि दुसरा लग नव्या नवरीसारखा कोरा, टेकतच नव्हता.

हे मी रात्री कोल्हापूरला फोन करून तात्यांना सांगितलं. आमचे तात्या उद्यमनगरात चाळीस वर्षं टर्नर होते, बंदूक आयुष्यात हातात घेतली नाही पण लेथवरचं काही सांगितलं की कान टवकारतात.

"चार थाउ? अरे आमच्याकडं पंपाचा शाफ्ट चार थाउ आऊट निघाला तर पार्टी तोंडावर फेकून जाती. आणि हे तिकडं बंदुकीत चालतंय?"

"चालतंय तात्या. गोळी सुटते, हरीण मरतं."

"मग तू कशाला घासाय लागलायस?"

याला उत्तर नव्हतं. आईनं मागनं विचारलं की आपल्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसळेची होती तसलीच का रे तुझी, तर म्हटलं नाही गं, ऑलिंपिकची ती पन्नास मीटरवाली पॉइंट टू-टू, ती लोकं बनवून आलेली मॅच रायफल वापरतात, असलं लोखंड घासायचं त्यांच्या नशिबात नाही. कांबळवाडीचा पोरगा २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेऊन आला तेव्हापासून आमच्या घरात बंदूक हा विषय एकदम इज्जतीचा झालाय, नाहीतर आधी मी रेंजवर जातो हे सांगायची चोरी होती.

असो. ट्रू करणं म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात. बोल्ट ज्या भोकातनं पुढंमागं जातो त्याची मधली रेषा धरायची आणि बाकी सगळं त्या रेषेच्या हिशोबात आणायचं. तोंड फेस, म्हणजे लेथवर सपाट, करायचं, बॅरलचे आटे परत काढून सरळ करायचे, आत बोल्टचे लग जिथं टेकतात त्या जागा काटकोनात आणायच्या, बोल्टचे लग मागनं फेस करायचे, बोल्टचं नाक सरळ करायचं. ७०० मध्ये रिकॉइल लग म्हणजे बॅरल आणि ॲक्शनच्या मधे दाबली जाणारी एक वॉशरसारखी पट्टी असते, फॅक्टरीची बऱ्याचदा जाडीला सारखी नसते, ती काढून ग्राइंड केलेली जाड घालायची. फायरिंग पिनचं भोक बुजवून बारीक पिन करायची, म्हणजे प्रेशर जास्त असताना प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टिकली) त्या भोकात फुगून शिरत नाही.

हे सगळं कशासाठी? ६.५ क्रीडमूरचं कमाल प्रेशर ६२,००० पीएसआय धरलेलं आहे. गाडीच्या टायरात ३५ असतं. ते सगळं बोल्टच्या नाकावर मागं दाब देतं आणि बोल्टला अडवून धरायला फक्त दोन लग असतात. त्यातला एकच टेकलेला असेल तर दर गोळीला बोल्टचं नाक किंचित एका अंगाला कलतं आणि दुसरा लग मग येऊन टेकतो. तोंड तिरकं असेल तर बॅरल घट्ट करताना एका बाजूनं जास्त आवळलं जातं, आणि बॅरल तापलं की तो ताण आपली दिशा दाखवायला लागतो, पहिल्या तीन गोळ्या एका जागी आणि चौथी-पाचवी हळूच वर उजवीकडं. माझ्या जुन्या ग्रुपमध्ये हेच दिसत होतं आणि मी दोन वर्षं माझ्या श्वासाला दोष देत बसलेलो.

पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती सांगतो. लग मागनं घासले की बोल्ट तेवढा मागं सरकतो. ७०० मध्ये बोल्टचं हँडल वर उचलताना हँडलचं बूड ॲक्शनच्या मागच्या उतारावर घासून बोल्टला मागं ढकलतं आणि तापून चिकटलेली केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, सैल करतं, त्याला प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. बोल्ट मागं गेला की ते बूड त्या उतारापासनं लांब जातं आणि हा झटका मिळायचाच बंद होतो. परिणाम, रायफल ग्रुप मस्त देते पण गरम दिवशी बोल्ट उघडायला तळहातानं हाणावं लागतं. माझ्या रायफलीला नेमकं हेच झालं. परत आजोबांकडं, हँडल काढून पुढं सरकवून परत वेल्ड. (७०० चं हँडल मुळात ब्रेझ करून चिकटवलेलं असतं, एका दांडक्यातनं काढलेलं नसतं.) हे १२० डॉलर माझ्या बजेटमध्ये नव्हते.

आणि अजून एक, सगळ्याच ॲक्शन घासायच्या नसतात. जुन्या लष्करी माउझर असतात त्यांचं पोलाद वरवरच कडक केलेलं असतं, आत मऊ. लगच्या जागा घासल्या तर तो कडक थर निघून जातो आणि मग लग हळूहळू पोलादात रुतायला लागतो. यूट्यूब बघून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून घरी बोल्ट रगडणारे लोक मी बघितलेत. कृपा करून नको. तुमचं तोंड त्या बोल्टपासून सहा इंचांवर असतं.

वेळेचं काय झालं तर आजोबा म्हणाले होते बारा आठवडे, लागले सात महिने. भांडलो नाही, माणूस चांगला, मधे त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण तो अख्खा सीझन गेला. असली कामं करणारे हात कमी होत चाललेत आणि जे आहेत त्यांच्याकडं रांग आहे, ही या वाटेची खरी किंमत आहे, पावतीवर दिसत नाही एवढंच.

पावतीवर काय दिसतं ते पण लिहितो. डोनर ४५०, त्यातलं जुनं बॅरल आणि दस्ता विकून १५० परत आले. ट्रू करायची मजुरी ३५०. रिकॉइल लग ४०. एम१६ टाइप एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा आकडा) बसवून ९०. फायरिंग पिनचं भोक ९५. हँडलचे ते १२०. एकूण ९९५ डॉलर, नुसत्या ॲक्शनचे. त्यावर बॅरल ब्लँक (नुसती नळी) ३८०, आणि आटे काढून, चेंबर (काडतूस बसायची जागा) कापून, क्राउन (नळीचं पुढचं तोंड साफ) करून बसवायची मजुरी ४००. म्हणजे १,७७५. दुसरी कस्टम ॲक्शन घेतली ११५० ला, तिला प्रीफिट, म्हणजे आधीच पूर्ण कापून तयार, बॅरल ६००, झाले १,७५०. हो, बरोबर वाचलंत, कस्टम पंचवीस डॉलरनं स्वस्त पडली. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बॅरल बदलायचा वाइस, ॲक्शन रेंच आणि गो/नो-गो गेज (चेंबरची लांबी तपासायची मापं) घ्यायला २१० वेगळे गेले, पण तो एकदाचा खर्च. कस्टममध्ये पण दोन हजारांवरच्या ॲक्शन आहेत, आयडाहोच्या बॅटसारख्या, बेंचरेस्टवाले त्या घेतात, तो हिशोब वेगळा. मी मधल्या किमतीच्या वर्गाबद्दल बोलतोय.

तात्यांना हा हिशोब वाचून दाखवला तर ते म्हणाले, "नव्या कामाला ड्रॉइंग असतंय. दुरुस्तीच्या कामाला आधी दुसऱ्याची चूक मोजत बसायला लागतीया, त्याचे पैसे कोण देणार? तूच."

अचूकतेचं. दोन्ही रायफलींचे मी पाच-पाच गोळ्यांचे दहा ग्रुप मारले, एकाच दिवसात नाही, तीन वेगवेगळ्या सकाळी, त्याच हातानं भरलेल्या काडतुसांनी. ट्रू केलेलीची सरासरी ०.४५ इंच, कस्टमची ०.४२. हा फरक नाहीच, हा माझ्या नाश्त्याचा फरक आहे. कस्टम घेतली की ग्रुप अर्धा होतो असं कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करून पुढं जा. चांगलं बॅरल, नीट कापलेलं चेंबर, बरी काडतुसं आणि ॲक्शन सरळ, मग ती घासून सरळ केलेली असो नाहीतर जन्मतः सरळ असो, कागदाला कळत नाही. अजून गंमत सांगतो, आमच्यातल्या एका नाशिककरानं फॅक्टरी ॲक्शनला हात न लावता नुसतं चांगलं बॅरल नटवर (खांद्याऐवजी नटानं आवळून) बसवलं आणि तो ०.६ मारतो. म्हणजे माझ्या सव्वा इंचापासून पाऊण इंच जो कमी झाला त्यातला मोठा वाटा बॅरलचा होता, घासण्याचा वाटा उरलेला. हे कळलं तेव्हा थोडं पोटात दुखलं.

मग कस्टममध्ये मिळतं काय? हाताला मिळतं. बोल्ट. आतल्या बोल्टच्या वाटा वायर कटनं (विजेच्या तारेनं कापून) काढलेल्या असतात, ब्रोचनं (दातेरी दांड्यानं) ओढलेल्या नसतात, त्यामुळं बोल्ट असा सरकतो की पहिल्या दिवशी मी रात्री टीव्हीसमोर बसून नुसता पुढंमागं करत होतो, बायको म्हणाली ते खट्-खट् बंद कर नाहीतर मी खट् करते. दुर्बिणीची रेल ॲक्शनबरोबरच एकसंध आहे, स्क्रू ढिले व्हायचा विषयच नाही. रिकॉइल लग पण एकसंध, वॉशरची भानगड नाही. बोल्ट काढायचं बटण बाजूला, ७०० सारखं ट्रिगरच्या पुढं बोट घालून शोधायला लागत नाही. पीआरएससारख्या मॅचमध्ये, जिथं घड्याळ चालू असतं आणि तुम्ही छपराच्या उतारावर नाहीतर टायरच्या ढिगावर आडवे पडलेले असता, तिथं हे सगळं खरोखर कामाला येतं. बेंचवर निवांत बसून मारणाऱ्याला काही फरक पडत नाही.

आणि तक्रार पण आहेच. घट्ट मापाची मशीन धुळीला नाजूक असते. पश्चिम टेक्ससच्या एका मॅचला एवढी धूळ उडाली की माझ्या कस्टमचा बोल्ट वाळू चावल्यासारखा करकर करायला लागला, दोन स्टेजच्या मधे काढून पुसायला लागला. ट्रू केलेली शेजाऱ्याला मारायला दिली होती, तिचा बोल्ट सैलसर, तिला काहीच झालं नाही, म्हातारी म्हैस चिखलातनं चालावी तशी चालली. बारीक फ्लूट असलेला बोल्ट घ्या म्हणतात, धूळ त्या खोबणीत जाते, माझ्यात तो नव्हता, सत्तर डॉलर वाचवले होते.

पण या सगळ्यापेक्षा जी गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती पहिल्या वर्षी दिसतच नाही. ती दिसते दुसऱ्या बॅरलला.

६.५ क्रीडमूरचं बॅरल मॅच मारणाऱ्या माणसाकडं दोन ते तीन हजार गोळ्या टिकतं, मग चेंबरच्या पुढचा घसा जळून मगरीच्या कातडीसारखा होतो आणि ग्रुप उघडायला लागतो. महिन्याला दीडशे गोळ्या धरल्या तर दीड वर्ष. म्हणजे बॅरल ही टायरसारखी गोष्ट आहे, बदलत राहायची. ट्रू केलेल्या ॲक्शनचे आटे घासून सरळ केलेले, म्हणजे तिचं माप आता जगात फक्त तिचंच, कॅटलॉगमधलं बॅरल तिला बसेल याची खात्री नाही, त्यामुळं दर वेळी ॲक्शन परत गनस्मिथकडं. दुसऱ्या वेळी आजोबांनी पाच महिने घेतले. ७८० डॉलर परत, आणि पाठवायचा-आणायचा खर्च वेगळा.

कस्टमवाले काय करतात, सगळ्या ॲक्शन एवढ्या सारख्या मापाच्या काढतात की बॅरलवाला तुमची ॲक्शन न बघता तिकडं बॅरल पूर्ण कापून, चेंबर करून पाठवतो. खांद्यापर्यंत फिरवायचं, टॉर्क रेंचनं आवळायचं, गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर झाला नाही पाहिजे, दोन्ही बरोबर आलं तर संपलं. गेज न लावता कधीच मारायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. ऑर्डर केलेलं बॅरल तीन आठवड्यांनी आलं, शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये पोहे खाऊन झाल्यावर बदललं, अर्धा तास, त्यातला दहा मिनिटं वाइसचा बोल्ट कुठं ठेवला ते शोधण्यात गेली. दुपारी रेंजवर होतो. आणि उद्या मूड आला तर त्याच ॲक्शनला ६ मिलिमीटरचं क्रीडमूर बॅरल लावता येतं, बोल्ट तोच, मॅगझिन तेच.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी आधी त्याला विचारतो की वर्षाला किती मारणार. दोनशे-तीनशे गोळ्या, सीझनला एक डुक्कर नाहीतर हरीण, तर ट्रू पण करू नको आणि कस्टम पण घेऊ नको. फिनलंडची टिका टी३एक्स घे, हजार डॉलरच्या आसपास अख्खी रायफल, बोल्ट लोण्यासारखा, काही घासायला लागत नाही. ही एक फॅक्टरी ॲक्शन अशी आहे की तिला पण खांद्यावाले प्रीफिट बॅरल बाजारात मिळतात, यावरनं तिकडच्या मशीनिंगचा अंदाज घ्या. तक्रार एवढीच की चासी, मॅगझिन, ट्रिगरची चॉइस ७०० एवढी नाही. वर्षाला हजाराच्या पुढं मारणार असशील आणि नव्यानं सुरू करतोयस तर डोनर शोधत फिरू नको, कस्टम घे आणि प्रीफिट लाव. डोनर दोनअडीचशेला मिळायचे आणि कस्टम दोन हजारांच्या खाली नसायची तेव्हा घासण्यात अर्थ होता, जुनी लोकं त्या हिशोबानं सल्ला देतात, त्यांचं चुकत नाही, त्यांचं कॅलेंडर जुनं आहे.

आणि घरात आधीच एखादी ७०० पडून असेल, सासऱ्याची, मित्राची, काय असेल ती, तर ती विकू नको. विकून काही येत नाही. ट्रू केलेली तर अजिबात विकू नका, तुम्ही घातलेल्या हजारापैकी समोरचा तीनशे पण धरत नाही, त्याला ती वापरलेली फॅक्टरी रायफलच दिसते. कस्टम ॲक्शन मात्र घेतल्या किमतीच्या पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांना दोन दिवसांत जाते, आमच्या ग्रुपमध्ये दोघांनी विकल्या, बघितलंय.

स्टार द्यायचेच तर ट्रू करण्याच्या कामाला, म्हणजे आजोबांच्या हाताला, पाचातले पाच. त्या अख्ख्या व्यवहाराला अडीच. कस्टमला साडेचार, अर्धा धुळीसाठी कापला.

माझी ट्रू केलेली सध्या डुकरांच्या शिकारीला जाते, पिकअपच्या मागं आपटत धोपटत. तिचं दुसरं बॅरल आता बावीसशे गोळ्यांवर आलंय. या वेळी आजोबांना फोन केला तर त्यांच्या मुलीनं उचलला, म्हणाली बाबांनी लेथ विकला. मग तिलाच विचारलं की आटे किती मोठे केले होते त्याची कुठं नोंद आहे का, तर दुसऱ्या दिवशी तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला, माझ्या रायफलीचा नंबर, तारीख, आणि खाली पेन्सिलीनं माप, थाउच्या दशांशापर्यंत. ते माप बॅरलवाल्याला पाठवलं, तो म्हणाला या मापाचे आटे काढून बॅरल नटवर देतो, सहा आठवडे लागतील. ऑर्डर टाकलीय. आलं की गॅरेजमध्येच बसवणार, तात्यांना व्हिडिओ कॉल लावून, कारण त्यांना ते चार थाउ अजून झोपू देत नाहीयेत.